देवनहळ्ळीच्या मांडवात एक फॉलो-अप

‘मूळव्याध’ हा शब्द समोरच्याला ऐकू जाईल आणि त्याच्या शेजारच्याला जाणार नाही, अशा बेतानं कसा उच्चारावा, यात माझा हात धरणारं बेंगळुरूत कुणी नसेल. पुण्याहून बदलून आलेल्या एका मैत्रिणीनं मला सोपी युक्ती सुचवली होती, “अगं, तू सरळ मराठीत बोल ना, कुणाला कळतंय!” तिला काय माहीत, हा शब्द कन्नडमध्येही जवळजवळ तोच आहे. एकदा लिफ्टमध्ये मी तिच्या सल्ल्यानं मराठीत बोलले, तर लिफ्टमनसकट सगळ्यांनी माना वळवून बघितलं.

मी डॉक्टर नव्हते आणि नर्सही नव्हते. जे. पी. नगरातल्या एका रुग्णालयात संशोधन समन्वयक होते. म्हणजे नक्की काय, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. “सुनंदा माणसांवर प्रयोग करते,” असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं सांगत. मग तो पाहुणा माझ्या हातचा चहा जरा बिचकतच घ्यायचा.

खरं काम साधं होतं. एखाद्या दुखण्याला दोन उपचार असतात, एक औषधाचा आणि एक शस्त्रक्रियेचा. दोन्ही चालू असतात, दोन्हींचे भक्त असतात, पण कोणता कुणाला जास्त बरा, हे कुणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. मग दुखणं साधारण सारखं असलेली माणसं गोळा करायची, त्यांना सगळं नीट समजावून सांगायचं, आणि राजी असतील त्यांना दोन गटांत वाटायचं. ही वाटणी डॉक्टर करत नाहीत, रोगी करत नाही, संगणक करतो, चिठ्ठ्या टाकल्यासारखी. माणसांच्या हाती दिलं की घोटाळा झालाच म्हणून समजा. धीट लोक सुरीकडे जातात, भित्रे गोळ्यांकडे, आणि शेवटी उपचार चांगला होता की माणूस धीट होता, तेच कळत नाही.

आमची तेव्हाची पाहणी होती मूळव्याधीची. अगदी सुरुवातीची नव्हे आणि हाताबाहेर गेलेलीही नव्हे, मधली. एका गटाला गोळ्या, मलम आणि पथ्य, तर दुसऱ्याला लहानसं ऑपरेशन. त्याच पाहणीत माझ्या पदरात गणोजीराव आणि जोगळेकर पडले.

गणोजीराव आमच्यासारखेच इथले जुने मराठी. पूर्वज कधी आले ते विचारलं तर “शहाजीराजांच्या मागनं” असं ऐटीत सांगणारे. शहराच्या उत्तरेला, पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं. पन्नाशी उलटलेली, मिशी भरघोस, आवाज यंत्रांच्या गोंगाटात कमावलेला. बायको फार पूर्वी गेलेली. आणि असा हा पहाडासारखा माणूस माझ्यासमोर आला तो खुर्चीच्या एका कडेवर, एका मांडीवर टेकून.

“अक्का, स्वल्प हळू बोला हं,” एवढंच त्यांचं पहिलं वाक्य. आणि ते त्यांनी इतक्या मोठ्यानं म्हटलं, की बाहेरचा वॉचमन आत डोकावला.

जोगळेकर सरकारी कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त झालेले, जे. पी. नगरातच राहणारे, सडपातळ, इस्त्रीचे कपडे, अस्सल पुणेरी. त्यांना मूळव्याधीची लाज वाटायची नाही, राग यायचा. यंत्राचा एखादा भाग मुदतीआधी खराब झाला की त्यांना जसा राग येत असेल, तसा.

दोघं एकाच सकाळी आले, एकाच लाकडी बाकापाशी शेजारी शेजारी उभे राहिले (बसले नाहीत, हे सांगायला नकोच), आणि अर्ध्या तासात घट्ट मित्र झाले. गणोजीरावांना सुरीची धास्ती होती, गोळ्या हव्या होत्या. जोगळेकरांना “एकदाच काय तो तुकडा पाडायचा” होता. संगणकानं काय करावं? गणोजीरावांना ऑपरेशन दिलं आणि जोगळेकरांना गोळ्या.

दोघांची तोंडं बघण्यासारखी झाली. मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं, आणि जोगळेकर माझ्याकडे वळून अत्यंत सुसंस्कृतपणे म्हणाले, “मॅडम, आम्ही आपापसात बदलून घेतो. गाडीत बर्थ घेतात तसं. आमची काही तक्रार नाही.”

मी हसू आवरत त्यांना समजावलं. बदलून मिळणार नाही. नको असेल तर पाहणीतून बाहेर पडा, डॉक्टर तुम्हाला नेहमीसारखे उपचार देतीलच, कुणी रागावणार नाही. गणोजीराव विचार करायला घरी गेले आणि दुसऱ्या दिवशी आले. “करून टाका ऑपरेशन. पण लवकर. घरात एक कार्य आहे.” कसलं कार्य ते सांगितलं नाही. नुसती मिशी कुरवाळली.

ऑपरेशन छान झालं. आमच्या मोठ्या सरांनी त्यांना दोन आठवड्यांनी पाहिलं तेव्हा जखम भरत आली होती. खरी गंमत पुढच्या फॉलो-अपची होती.

त्याचं असं असतं. रोग्याला कितपत आराम पडला, हे विचारणाऱ्या डॉक्टरला तो कोणत्या गटातला आहे हे कळू द्यायचं नसतं. कळलं की डॉक्टरच्याही नकळत मन एका बाजूला झुकतं. आमच्याकडे हे काम डॉ. नलिनीकडे होतं. तिनं तपासायचं नाही, फक्त ठरलेले प्रश्न विचारायचे. मुलगी इतकी काटेकोर, की कुणी बोलायला तोंड उघडलं की आधी दोन्ही कान झाकून म्हणायची, “काय उपचार झाला ते सांगू नका, प्लीज!” आणि ही भेट ठरलेल्या मुदतीतच व्हावी लागते. मुदत टळली की त्या माणसाचं काय झालं ते कायमचं कोरं राहतं. न येणाऱ्यांतच खरी बातमी असते, हे मला अनुभवानं कळलं होतं. कुणी ठणठणीत झाला म्हणून येत नाही, आणि कुणी फार बिघडला म्हणून.

मुदतीचा शेवटचा दिवस आला आणि गणोजीरावांचा पत्ता नाही. फोन बंद. आदल्या दिवशीही बंदच होता. कुठं रक्तस्राव होऊन पडले तर नसतील? घरात एकटा माणूस. जोगळेकर त्यांच्या फॉलो-अपला वेळेआधी हजर होते. ते म्हणाले, “माझी गाडी खाली आहे. चला पीण्याला.”

रस्त्यात मी त्यांना बजावलं, हॉस्पिटलचं नाव काढायचं नाही. रोग्याचं दुखणं रोग्याचं असतं, त्याच्या कामगारांपुढे ते उघडं पडता कामा नये.

वर्कशॉपमध्ये मुनियप्पा नावाचे जुने फोरमन होते. लेथ बंद करून त्यांनी आम्हा दोघांना नखशिखांत न्याहाळलं.

“कुठून आलात?”

“जे. पी. नगरहून,” मी म्हणाले. “ओळखीचे आहोत.”

“कसली ओळख?”

मी काही बोलायच्या आत जोगळेकर पुढे सरसावले. “आम्ही दोघं... म्हणजे मी आणि ते... एकत्र बसतो.”

“कुठं बसता?”

“बसता येईल तिथं,” जोगळेकर प्रामाणिकपणे म्हणाले.

मला हसू फुटलं ते मी खोकल्यात दडपलं. मुनियप्पांचा चेहरा मात्र एकदम उजळला. “मदुवेला आलात होय! लग्नाला! मग इथं काय करता? देवनहळ्ळीला जा. किल्ल्याच्या अलीकडं कल्याण मंटप आहे. मी पण निघालोच, एवढा एक पीस उतरवतो नि येतो.”

म्हणजे कार्य ते हे. भाचीचं असणार, पुतणीचं असणार, अशी चर्चा करत आम्ही सुटलो. वाटेत शेतं, मधेच उभे राहिलेले टॉवर, विमानतळाच्या टॅक्सी, आणि डोक्यावरून उतरणारी विमानं. माझा जीव निम्मा भांड्यात पडला होता. लग्नघरात असेल तर निदान जिवंत आहे.

किल्ल्याजवळ पोचलो तर वरात रस्त्यातच भेटली. बँड जोरात, माणसं नाचतायत, मध्ये सजवलेली पांढरी घोडी आणि तिच्यावर मुंडावळ्यांत झाकलेला नवरदेव. आम्ही गर्दीत शिरून गणोजीरावांना शोधू लागलो. तेवढ्यात घोडीवरून आवाज आला.

“अय्यो! अक्का?”

नवरदेवानं दोन्ही हातांनी मुंडावळ्या बाजूला केल्या. आतून भरघोस मिशी निघाली.

जोगळेकरांच्या तोंडून फक्त “घोडी?” एवढंच निघालं. माझ्या मनातही दुसरं काही नव्हतं. दीड महिन्यापूर्वी मूळव्याधीचं ऑपरेशन झालेला माझा रोगी घोडीवर बसून नाचत्या वरातीबरोबर डुलत होता.

“रागावू नका अक्का,” ते वाकून म्हणाले. “तुम्हाला बोलावलं नाही. बोलावलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, ह्या कोण. काय सांगू मी?”

“अहो, पण घोडी...”

“मोठ्या सरांना विचारून बसलोय! एकदम सोफ्यावर बसल्यासारखं वाटतंय.” मग त्यांच्या एकदम ध्यानात आलं. “आज शेवटचा दिवस ना? फोनचा चार्जर घरी राहिला, कालपासनं बंद आहे. तुमच्या फोनवरनं लावा त्या मॅडमला. मुहूर्ताला अवकाश आहे. आत्ताच उरकून टाकू.”

आम्ही घोडी जरा कडेला घेतली. मी डॉ. नलिनीला फोन लावून त्यांच्या हातात दिला. फेट्यानं कान झाकलेले, वर बँड. त्यांना काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी स्वतःच स्पीकर चालू केला. मी खालून हात वर करेपर्यंत डॉ. नलिनीचा स्पष्ट, गोड आवाज घोडीच्या कानांमधून कन्नडमध्ये रस्त्यावर पसरला.

“नमस्कार. उपचार काय झाला ते सांगू नका. बसताना त्रास होतो का?”

“आत्ता बसलोच आहे मॅडम. काही त्रास नाही.”

“कशावर बसलात? कठीण की मऊ?”

“घोडीवर.”

“माझ्याकडे पर्यायांत घोडी नाही,” नलिनी म्हणाली. “मी ‘कठीण’ लिहिते. आता पुढचा प्रश्न. गेल्या आठवड्यात...”

आणि नेमका तेव्हा बँड थांबला.

“...रक्त पडलं का?”

अख्ख्या वरातीनं ऐकलं. नवरीचे थोरले भाऊ यशवंतण्णा पुढे होते, ते गर्रकन वळले. “रक्त? कसलं रक्त? फोनवर कोण आहे?” कुणीतरी म्हणालं डॉक्टर आहे. कुणी म्हणालं ह्या बाई हॉस्पिटलच्या आहेत. लग्नातल्या बातमीला पाय नसतात, पंख असतात. ती मंटपाच्या दारापर्यंत पोचली तेव्हा नवरदेवाला रक्ताचा कॅन्सर झालेला होता.

आतून नवरीच बाहेर आली. सरोजा तिचं नाव. देवनहळ्ळीच्या शाळेत शिक्षिका, चाळिशी ओलांडलेली, आईचं करता करता लग्नाचं राहूनच गेलेली. शालू, मुंडावळ्या, आणि वर्गात शिरताना असावी तशी सरळ चाल. ती थेट माझ्यासमोर उभी राहिली.

“अक्का, तुम्ही हॉस्पिटलच्या ना? ह्यांना काय झालंय?”

माझ्या उभ्या नोकरीत मला इतकं बोलावंसं कधी वाटलं नसेल. एका शब्दात सगळं मिटलं असतं. पण तो शब्द माझा नव्हता. मी म्हणाले, “मला सांगता येणार नाही. ते सांगतील.”

झालं! ‘सांगता येणार नाही’ म्हटल्यावर लोकांची खात्रीच पटली. मागं एक आजी रडायलाच लागली.

सरोजानं वर बघितलं. तिचा आवाज आता हलला होता. “आमच्या वडिलांनी असंच लपवलं होतं. आईला कळलं तेव्हा बोलायलासुद्धा वेळ उरला नव्हता. मला तसं घर नको. काय असेल ते सांगा, मी निभावेन. पण सांगणार नसाल तर मी आत जाते आणि हा शालू सोडते.”

गणोजीराव लाल झाले, जांभळे झाले. ओठ हलले, शब्द निघेना. अख्खी वरात त्यांच्या मिशीकडे बघत होती. मला त्यांची फार दया आली. तो माणूस तिच्यासाठी सुरीखाली गेला होता, आणि तेच सांगायची त्याची छाती होत नव्हती.

तेवढ्यात माझ्या शेजारून तोफ उडावी तसा आवाज आला.

“अहो, मला मूळव्याध आहे!”

जोगळेकर! इस्त्रीचा शर्ट, हात उंचावलेला, देवनहळ्ळीच्या भर रस्त्यात. “मला आहे! कित्येक वर्षं आहे! खुर्चीवर बसवत नव्हतं, प्रवास करवत नव्हता! त्यात लपवायचं काय मेलं? सर्दीसारखं दुखणं आहे, जागा तेवढी गैरसोयीची!”

मग घोडीवर हालचाल झाली. गणोजीरावांनी फेटा सावरला, छाती भरून श्वास घेतला आणि लेथवरून हाक मारावी तशा आवाजात म्हणाले, “मलापण! मलापण मूळव्याधच होती, सरोजा! लग्नात घोडीवर बसायचं होतं. म्हणून जाऊन ऑ...”

मी उडी मारली. या वयात, नेसत्या साडीनिशी. त्यांच्या हातातला फोन हिसकावला आणि बंद केला. पलीकडे नलिनी अजून चालूच होती ना!

“...परेशन करून घेतलं,” गणोजीरावांचं वाक्य पूर्ण झालं.

मग सरोजाच्या खांद्यांना कंप सुटला. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “एवढंच?” ती म्हणाली. “एवढंच होतं? मग माझंपण ऐका. गेल्या वर्षी माझं पित्ताशय काढलंय. खड्यांसकट. पोटावर चार भोकं आहेत.”

“सरू!” यशवंतण्णा किंचाळले.

“अण्णा, तूच म्हणालास सांगू नको, स्थळ हातचं जाईल.”

गणोजीराव घोडीवरून तिच्याकडे असे बघत राहिले, जशी काही तिनं आत्ताच त्यांना माळ घातली. “दुखतं का अजून?” त्यांनी विचारलं. इतक्या हळू आवाजात मी त्यांना पहिल्यांदाच बोलताना ऐकलं.

“तळलेलं खाल्लं तर स्वल्प,” ती म्हणाली.

आणि बँडवाल्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी एकदम जोरात सुरू केलं. जोगळेकर नाचले. मी शपथेवर सांगते, नाचले.

मुहूर्त गाठला. अक्षता पडल्यावर मी वधूपक्षाच्या खोलीत जाऊन नलिनीला पुन्हा फोन लावला. “तू काही ऐकलंस?”

“मूळव्याध ऐकलं. ते मला माहीतच होतं,” ती म्हणाली. “पुढं नुसतं ‘ऑ’ ऐकू आलं. आता ते ऑपरेशनमधलं ‘ऑ’ की औषधातलं ‘औ’, ते मला कळलं नाही आणि तुम्ही सांगू नका!”

तिला दृष्ट लागू नये म्हणून मी मनातल्या मनात बोटं मोडली. नवऱ्यामुलानं होमाच्या धुरानं लाल झालेल्या डोळ्यांनी उरलेल्या प्रश्नांची उत्तरं दिली. मुदतीच्या आत.

जेवणं झाल्यावर हात धुवायच्या नळापाशी मला सगळ्यांत आधी गाठलं ते यशवंतण्णांनी. इकडं तिकडं बघून म्हणाले, “अक्का, एक विचारायचं होतं. माझ्या एका मित्राला...” त्यांच्या मागं मुलाचे मामा उभे होते. मामांच्या मागं भटजी. रडणारी आजीसुद्धा होती. त्यांना मी एकेक करून नेहमीच्या ओपीडीची वेळ सांगितली.

पाहणीतून काय निघालं, असं लोक विचारतात. सनसनाटी काही नाही. दोन्ही उपचार आपापल्या जागी बरे, एक लवकर सुखावतो, एक सुरीशिवाय निभावतो, आणि पथ्य दोघांनाही चुकत नाही. जोगळेकरांना गोळ्यांनी बरेच महिने आराम होता. मग नातवाच्या मुंजीत मिरचीची भजी खाल्ली आणि पुन्हा सगळं सुरू झालं. शेवटी पाहणी संपल्यावर त्यांनी हौसेनं ऑपरेशन करून घेतलं. हळहळ मला वेगळ्याच लोकांची वाटते. दारापर्यंत येऊन, माझ्यासमोर उभं राहून, तो एक शब्द तोंडातून निघाला नाही म्हणून “कुणाला तरी भेटायचं होतं” असं सांगून परत गेलेल्यांची. त्यात बायका जास्त. त्यांना मी थांबवू शकले नाही, त्यांच्या मागं जाण्याची मुभाही नव्हती.

शेवटच्या भेटीला गणोजीराव सपत्नीक आले. नलिनीच्या खोलीबाहेर, तिचं दार मी घट्ट लावून घेतल्यावर, ते पाण्याच्या मशीनपाशी जमलेल्या अनोळखी लोकांना आपली सगळी कहाणी सांगत होते. भूल कशी दिली, पहिल्या दिवशी काय झालं, गरम पाण्याच्या टबात कसं बसायचं, सगळं कसं साभिनय. सरोजा माझ्या कानाशी लागली. “अक्का, ह्यांना आता गप्प करायचं काही औषध निघालंय का तुमच्याकडं?”

मी उत्तर देणार होते. पण खांबाच्या आडोशाला मघापासून एक तरुण बाई उभी होती, डोक्यावरून पदर, नजर जमिनीकडे. गणोजीराव टबातल्या पाण्यापर्यंत आले तेव्हा तिनं मान वर केली, एक पाऊल पुढं टाकलं आणि त्यांना कन्नडमध्ये विचारलं, “पाणी किती गरम घ्यायचं?”